क्रूझवर जाताना औषधांच्या पिशवीत काय काय न्यावं? (सासूसासरे आणि मुलगा बरोबर)

ओवी:
नमस्कार मंडळी. आम्ही घरचे सगळे क्रूझवर चाललोय, सात रात्री, मधे काही बंदरं आणि दोन दिवस नुसता समुद्रच समुद्र. सासऱ्यांना बीपी आणि शुगर दोन्ही आहे, सासूबाईंचे गुडघे, नवऱ्याला मागच्या सीटवर बसवलं तरी गाडी लागते, आणि सात वर्षांचा मुलगा आहे ज्याला कधीही काहीही होऊ शकतं. बोटीवर डॉक्टर असतो असं बुकिंगवाले म्हणाले. मग आपण नक्की किती आणि काय न्यायचं? मी यादी करायला बसले तर ती एवढी लांबली की नवरा म्हणाला कपड्यांना जागा उरणार आहे का. कोणी जाऊन आलं असेल तर सांगा प्लीज.

पिंगळा:
एवढं काय त्यात. बोटीवर दवाखाना असतो, डॉक्टर नर्स सगळे असतात, दुकानात डोकेदुखीची गोळी मिळते. रोजच्या गोळ्या घ्या, चार बँडेड टाका आणि निघा. सुट्टीवर चाललाय, मोहिमेवर नाही.

टिवल्याबावल्या:
पिंगळा यांच्या घरी लहान मूल नाही हे सिद्ध होते.

पिंगळा:
दोन आहेत! आणि दोघंही धडधाकट आहेत.

गलबत:
मी काही वर्षं क्रूझवरच्या मेडिकल सेंटरमधे नर्स होते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पिंगळा म्हणतात ते अर्धं खरं आहे. दवाखाना असतो आणि चांगला असतो. साधारण खालच्या डेकवर, जिथून स्ट्रेचर बाहेर काढायला सोपं जातं अशा जागी. ईसीजी, डिफिब्रिलेटर, एक्स-रे, बेसिक रक्ततपासण्या, बऱ्याच मोठ्या बोटींवर व्हेंटिलेटरसुद्धा. अमेरिकन कॉलेज ऑफ इमर्जन्सी फिजिशियन्स या संघटनेच्या क्रूझसाठी वेगळ्या गाइडलाइन्स आहेत आणि मोठ्या कंपन्या त्या धरून चालतात. पण नाव बघा, इमर्जन्सी. म्हणजे हार्ट अटॅक आला तर पेशंट स्थिर करून किनाऱ्यावर पोचवेपर्यंत धरून ठेवायचं, ते काम. तो काही तुमचा फॅमिली डॉक्टर नाही आणि औषधांचं दुकान तर मुळीच नाही. ऑपरेशन नाही, दातांचा डॉक्टर नाही. सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी ओपीडी, बाकी वेळ इमर्जन्सीला चोवीस तास. आणि प्रत्येक भेटीचे पैसे लागतात, ते तुमच्या केबिनच्या खात्यावर चढतात, इन्शुरन्सवाले नंतर देतील तेव्हा देतील. त्यामुळे साध्या सर्दीला, टाचेच्या फोडाला, अ‍ॅसिडिटीला खाली उतरून रांगेत बसायचं नसेल तर तेवढं स्वतःजवळ ठेवा. पिशवीचा उपयोग तेवढाच.

आमच्याकडे सर्वात जास्त कोण यायचं माहितीये का? मोठे आजार नाहीत. जुलाब, मुरगळलेले पाय, दारात सापडलेली बोटं, लघवीची जळजळ आणि "माझ्या गोळ्या मोठ्या बॅगेत राहिल्या". हे शेवटचं तर दर फेरीला पहिल्याच संध्याकाळी. कारण बंदरावर मोठ्या बॅगा हमाल घेतात आणि त्या तुमच्या केबिनच्या दारात यायला कधी कधी रात्र होते. हजारो बॅगा असतात हो. म्हणून रोजची सगळी औषधं खांद्यावरच्या बॅगेत. सगळी म्हणजे सगळी, एक दिवसाची नाही.

आणि हे कोणी सांगत नाही ते: शेवटच्या रात्री बॅगा भरून केबिनच्या बाहेर ठेवायच्या असतात, त्या मध्यरात्रीच्या सुमाराला उचलून नेतात. सगळं आवरून झोपलं की सकाळची बीपीची गोळी, इन्शुलिन, चष्मा, कवळी सगळं बॅगेबरोबर गेलेलं असतं. पायजम्यावर नाश्त्याला आलेली माणसं पाहिलीत मी, ते चालतं, पण इन्शुलिन गेलं तर पंचाईत.

ओवी:
गलबत, शेवटच्या रात्रीचं कुठेच वाचलं नव्हतं मी. खूप धन्यवाद. सासऱ्यांच्या गोळ्या किती दिवसांच्या जास्त घेऊ?

कडुलिंब:
निदान आठवडाभराच्या तरी. वादळामुळे बोट उशिरा लागते, बंदर रद्द होतं, परतीचं विमान चुकतं. आणि टोकाचं उदाहरण द्यायचं तर फेब्रुवारी २०२० मधे डायमंड प्रिन्सेस ही क्रूझ कोरोनामुळे जपानमधे योकोहामाला अडकली तेव्हा ३,७११ माणसं होती तिच्यावर, क्वारंटाइन १४ दिवसांचं, त्यात वयस्कर प्रवासी भरपूर. रोजच्या गोळ्या संपत आल्या म्हणून तिथल्या यंत्रणेला बोटीवर औषधं पोचवायची धावपळ करावी लागली. असं रोज होत नाही हे मान्य, पण गोळ्यांच्या जादा दोन पट्ट्यांना वजन कितीसं असतं?

मी फार्मसिस्ट आहे, अजून एक सांगतो. गोळ्या डब्यात सुट्या काढून नेऊ नका. रोजच्या डब्यात हवं तर आठवड्याच्या भरा पण मूळ पट्टी आणि प्रिस्क्रिप्शन बरोबर पाहिजेच, आणि प्रिस्क्रिप्शनवर औषधाचं जेनेरिक नाव पाहिजे. ब्रँडचं नाव दुसऱ्या देशातल्या डॉक्टरला काय कळणार, बीपीच्या गोळीला ॲम्लोडिपिन म्हटलं की जगात कुठेही कळतं. मोबाइलमधे फोटो काढून ठेवा, आणि एक कागदावर पण ठेवा कारण समुद्रात नेट असेलच असं नाही.

टिवल्याबावल्या:
सासऱ्यांच्या फाईलचा फोटो, ईसीजीचा फोटो, इन्शुरन्सचा फोटो, आणि बॅटरी संपलेला मोबाइल.

कडुलिंब:
म्हणूनच कागद म्हटलं.

आळशी_मांजर:
ओवी, सासऱ्यांचं होईल नीट, तू नवऱ्याचं मनावर घे. मला बोट लागते आणि ते काय असतं ते ज्याला लागते त्यालाच माहीत. मोठी बोट हलत नाही, स्टॅबिलायझर असतात, काही होत नाही वगैरे सगळे सांगतात. स्टॅबिलायझर आडवं डोलणं कमी करतात पण समोरून लाटा आल्या की नाक वरखाली होतं त्याला ते काय करणार.

गोळी उलटी व्हायच्या आधी घ्यायची, हा एकच नियम. एकदा सुरू झालं की पोटात काही टिकत नाही, गोळी पण नाही. सिनारिझिन असेल तर दोन तास आधी, मेक्लिझिन असेल तर तासभर आधी. प्रोमेथाझिनने मला एवढी झोप येते की मी ती रात्रीच घेते. घरी असताना एखाद्या सुट्टीच्या दिवशी एकदा घेऊन बघा म्हणावं त्यांना, किती गुंगी येते ते कळतं. आणि गोळी घेतली असेल त्या दिवशी दारू नाही, दोन्ही मिळून माणूस आडवाच होतो. केबिन अजून बदलता येत असेल तर मधली आणि खालच्या डेकवरची घ्या, नाकाडावरची आणि सगळ्यात वरची नको. मळमळायला लागलं की मोबाइल खाली ठेवून मोकळ्या डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघत उभं राहायचं. पोट अगदी रिकामं पण नको, कोरडी बिस्किटं बरी. आल्याच्या वड्या मी चघळते, त्यांनी थोडं बरं वाटतं, पण त्यांच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका.

रानफूल:
आमच्या डॉक्टरांनी उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन दिलेलं आहे, तेच चालेल ना? मुलांना पण तेच देतो आम्ही.

कडुलिंब:
पोट बिघडून होणाऱ्या उलट्यांना ते चांगलं आहे, बोट लागण्यावर फारसं उपयोगी नाही. कारण वेगळं आहे. बोट लागते ती कानाच्या आतल्या, तोल सांभाळणाऱ्या भागामुळे. डोळे सांगतात की केबिन स्थिर आहे, कान सांगतो की आपण हलतोय, मेंदूचा गोंधळ होतो. तो सिग्नल दाबायला ॲन्टिहिस्टामिन (वर सांगितलेल्या गोळ्या त्यातल्याच) किंवा स्कोपोलामिन लागतं. पोट बिघडल्यावरची गोळी आणि बोट लागण्यावरची गोळी वेगवेगळ्या पाकिटात ठेवा आणि वर पेनने लिहा कशाला काय.

मुलांना कुठलंही द्यायच्या आधी बालरोगतज्ज्ञाकडून वजनाप्रमाणे डोस लिहून आणा. काही मुलं या गोळ्यांनी झोपायच्या ऐवजी उलट नाचायला लागतात.

आळशी_मांजर:
स्कोपोलामिनचा कानामागे लावायचा पॅच राहिला. तीन दिवस चालतो, सगळीकडे मिळत नाही, आणि प्रिस्क्रिप्शन लागतं.

गलबत:
पॅचवरून आठवलं. एकदा एक गृहस्थ घाबरेघुबरे होऊन आले, बायको रडवेली. आरशात बघताना लक्षात आलं की एका डोळ्याची बाहुली ही एवढी मोठी झालीये आणि दुसरी नॉर्मल. त्यांना वाटलं स्ट्रोक. डॉक्टरांनी सगळं तपासलं, हात उचला, हसून दाखवा, बोला, चालून दाखवा, सगळं ठीक. मग मान वळवली तर कानामागे पॅच. सकाळी त्याची कड सुटली होती म्हणून बोटाने दाबून बसवला आणि त्याच बोटाने डोळा चोळला, बस्स. औषध डोळ्यात गेलं की बाहुली पसरते, हळूहळू आपोआप उतरते. तर पॅच लावल्यावर, काढल्यावर, नुसता हात लागला तरी साबणाने हात धुवा. निघायच्या चारेक तास आधी लावायचा, एका वेळी एकच, कापून अर्धा करायचा नाही. मुलांना नाही. काचबिंदू असेल किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. हे पॅचचंच नाही, गोळ्यांचं पण आहे. वयस्कर माणसांना या औषधांनी लघवी अडकते, गोंधळल्यासारखं होतं. ओवी, सासऱ्यांना नवऱ्याच्या पाकिटातली गोळी सहज म्हणून देऊ नका.

तसं बऱ्याच बोटींवर मळमळीच्या साध्या गोळ्या रिसेप्शनला किंवा मेडिकलमधे मागितल्या तर मिळतात. पण तेव्हा रांगेत सगळेच हिरवेपिवळे होऊन उभे असतात.

पिंगळा:
बरं, बँडेड आणि मळमळीच्या गोळ्या. माझी यादी डबल झाली.

शेवंता:
शुगरवाल्यांसाठी लिहिते, मी इन्शुलिनवर आहे. ओवी, सासरे गोळ्यांवरच असतील तर निम्मं सोडून द्या.

केबिनमधला छोटा फ्रीज बघून खूष होऊ नका, बऱ्याचदा तो नुसता गारवा देणारा कपाट असतो. किंवा उलट मागची प्लेट इतकी थंड की टेकवून ठेवलेलं पेन गोठतं, आणि गोठलेलं इन्शुलिन फेकूनच द्यायचं, वितळवून वापरायचं नाही. मी छोटा थर्मामीटर आत ठेवून एक रात्र बघते मग विश्वास ठेवते. नाहीतर मेडिकलवाले त्यांच्या फ्रीजमधे ठेवून देतात, आधी कळवलं तर. वापरात असलेलं पेन ३० अंशांच्या खाली बाहेर राहिलं तरी बहुतेक प्रकारांना चार आठवडे चालतं, तुमच्या पेनच्या कागदावर बघा किती ते. सुयांसाठी डबा मागायचा, केबिनवाले आणून देतात. सुई कचऱ्यात टाकू नका, ती पिशवी उचलणाऱ्याच्या हातात घुसते.

आणि गोळ्यांवर असले तरी हे सासऱ्यांना लागू आहे: बोटीवर चालणं भलतंच होतं. बंदरावर उतरलं की अजूनच, आणि जेवणाची वेळ टळते. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या पाहिजेत. हातपाय थरथरले, घाम फुटला की साधारण १५ ग्रॅम साखर पोटात आणि १५ मिनिटांनी परत मोजायचं. ग्लुकोमीटर उन्हात वाळूवर ठेवू नका, पट्ट्या बिघडतात. एक जास्तीची बॅटरी. आणि बोटीचं घड्याळ कधी कधी रात्रीत एक तास मागेपुढे होतं, गोळ्यांच्या वेळा कुठल्या घड्याळाने पाळायच्या ते आधी ठरवा नाहीतर रोज वाद.

टिवल्याबावल्या:
आमच्याकडे बोटीशिवाय पण होतो.

रानफूल:
जुलाबांचं कोणी लिहिलं नाही अजून. क्रूझ म्हटलं की त्याच बातम्या येतात. मी तर सॅनिटायझरच्या पाच बाटल्या नेणार आहे.

गलबत:
चार घरी ठेव गं. त्या बातम्यांमधल्या जुलाब-उलट्या करणाऱ्या नोरोव्हायरसवर अल्कोहोलचं सॅनिटायझर नीट चालत नाही. साबण आणि पाणी, चांगली वीस सेकंद, नखांच्या कडा चोळून. बुफेच्या दारात तो फवारा मारणारा उभा असतो, त्याला नाही म्हणू नका, पण हात धुतल्यानंतर. आणि बुफेतला चमचा हातात घेतल्यावर हात पुन्हा बुफेला जाऊन आलेल्या सगळ्यांचे झाले हे लक्षात ठेवा, मुलाला तर तुम्हीच वाढून द्या असं मी सांगीन.

बातम्यांचं कारण असं की बोटींवर मोजणी होते. अमेरिकेच्या सीडीसीचा, म्हणजे त्यांच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेचा, बोटींच्या स्वच्छतेचा कार्यक्रम १९७० च्या दशकापासून आहे, आणि त्यांच्या हद्दीत येणाऱ्या बोटीवर ३ टक्के प्रवासी किंवा ३ टक्के कर्मचारी जुलाब-उलट्यांनी आजारी पडले की ते जाहीर होतं. शाळेत, वृद्धाश्रमात, हॉटेलात तोच व्हायरस फिरतो पण तिथे कोण मोजतंय. त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

लागण झाल्यावर १२ ते ४८ तासांत सुरू होतं, एकदम. दुपारपर्यंत बरा असलेला माणूस संध्याकाळी बाथरूममधून बाहेर येत नाही. एक ते तीन दिवसांत उतरतं. तेवढ्यात पाणी कमी पडू द्यायचं नाही हीच ट्रीटमेंट.

आणि मेडिकलला फोन करायचा. हा भाग लोक टाळतात.

पिंगळा:
टाळणारच ना. फोन केला की खोलीत कोंडून ठेवतात. पैसे भरून समुद्रावर जायचं आणि चार भिंती बघायच्या. मी तर ओआरएस पिऊन गप्प पडून राहीन.

गलबत:
गप्प पडून राहाल हो, राहणार असाल तर उत्तम. लोक राहत नाहीत. थोडं बरं वाटलं की टोपी घालून बुफेला येतात, कठड्याला धरतात, लिफ्टचं बटण दाबतात. बरं वाटल्यानंतरही काही दिवस व्हायरस बाहेर पडत असतो. म्हणून बहुतेक बोटींवर लक्षणं थांबल्यावर अजून एकदोन दिवस खोलीत राहायला सांगतात. जेवण खोलीत येतं, वेगळी टीम येऊन वेगळ्या औषधाने खोली पुसते. आणि तुम्ही सांगितलं नाहीत तर तुमची खोली पुसणारा साध्या फडक्याने पुसतो आणि तेच घेऊन पुढच्या खोलीत जातो. आमच्या खालच्या डेकवर एका केबिनमधे दोघं दोघं झोपणारी माणसं असतात, त्यांना सुट्टी नसते. चढताना जो फॉर्म भरतात ना, गेल्या दोन दिवसांत जुलाब झाले का, त्यावर सगळे डोळे मिटून नाही लिहितात. माझा याच्यावर फार राग आहे, सॉरी.

पिंगळा:
बरं बाई. फोन करीन.

कडुलिंब:
ओआरएसबद्दल. पाकीट ज्या मापाचं आहे तेवढ्याच पाण्यात अख्खं घाला. डब्ल्यूएचओचं पाकीट एक लिटरसाठी असतं, २०.५ ग्रॅमचं. ग्लासात थोडं थोडं टाकून अंदाजाने करू नका, कमीजास्त मीठ झालं की फायद्याऐवजी त्रास. ज्यूसमधे किंवा सोड्यात कालवायचं नाही. केलेलं पाणी २४ तासांनी ओतून द्यायचं. त्यासाठी एक लिटरची रिकामी बाटली बॅगेत टाका, केबिनमधल्या ग्लासांनी लिटर कसा मोजणार?

जुलाब थांबवायच्या गोळीचं, लोपेरामाइडचं: मोठ्या माणसांना, बंदरावरून बसने परतायचंय आणि अडचण आहे अशा वेळी ठीक. पण ताप असेल, शौचातून रक्त जात असेल तर नाही. मुलांना अजिबात नाही.

निवडुंग_२:
आम्ही तर प्रत्येक प्रवासात ॲन्टिबायोटिकचा कोर्स नेतो. पहिला जुलाब झाला की सुरू, दोन दिवसांत चकाचक.

कडुलिंब:
दोन दिवसांत तो तसाही चकाचक होतो. नोरो व्हायरस आहे, ॲन्टिबायोटिक त्याला काही करत नाही, उलट त्या गोळ्यांनीच जुलाब वाढू शकतात. तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला बघून, कुठे चाललाय ते विचारून, कधी घ्यायचं ते लिहून दिलं असेल तर प्रश्न नाही. पण मागच्या वेळची उरलेली पट्टी आणि धाग्यावर वाचलेला डोस, हे नको.

निवडुंग_२:
डॉक्टरांनीच दिलं होतं. पाचसहा वर्षांपूर्वी.

टिवल्याबावल्या:
एक्सपायरी बघा हो, औषधाची.

कडुलिंब:
ओवी, सासऱ्यांसाठी एक महत्त्वाचं, जायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांना हा प्रश्न विचाराच. जुलाब-उलट्या लागल्या तर कुठल्या गोळ्या थांबवायच्या? शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या गोळ्या, मेटफॉर्मिन आणि शुगरच्या काही नव्या गोळ्या तशाच चालू ठेवल्या तर किडनीवर ताण येतो, बीपी खाली जातं. स्वतःच्या मनाने बंद पण करायच्या नाहीत. त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या, हे हे झालं तर ही ही गोळी थांबवा, पुन्हा केव्हा सुरू करा. आणि सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक नेत असाल तर ती पट्टी सासऱ्यांच्या हाताला लागू देऊ नका, बीपीच्या गोळ्यांबरोबर ती वाईट. त्यांना दुखलं तर पॅरासिटामॉल. सर्दीच्या मिक्स गोळ्यांमधे पण पॅरासिटामॉल असतंच, दोन्ही एकदम घेतलं की नकळत डबल डोस होतो.

ओवी:
हे मी आत्ताच लिहून घेतलं. उद्याच अपॉइंटमेंट घेते. सासूबाईंसाठी नीकॅप आणि जेल घेतलंय, अजून काही?

गलबत:
क्रेप बँडेज, चार इंची. गुडघ्याला पण आणि घोट्याला पण. बोटीवर आणि किनाऱ्यावर उतरताना पाय मुरगळणं फार. भरती-ओहोटीप्रमाणे उतरायचा पूल कधी सपाट कधी चांगला चढाचा, आणि जिथे छोट्या टेंडर बोटीने नेतात तिथे तर हलत्या बोटीतून हलत्या फळीवर पाय टाकायचा. सासूबाईंना तिथल्या माणसाचा हात धरायला सांगा, तो त्यासाठीच उभा असतो, संकोच करू नये. बाथरूमच्या दारात उंच उंबरा असतो, रात्री अंधारात अंगठा तिथेच आपटतो. छोटा नाइटलॅम्प लावा नाहीतर बाथरूमचा दिवा लावून दार किलकिलं ठेवा.

आणि मुलगा. केबिनचं दार अतिशय जड असतं आणि आपोआप मिटतं, बाल्कनीचं उघडं असेल तर वाऱ्याच्या झोताने धाडकन. बिजागरीच्या बाजूला बोट घालून उभं राहायची मुलांना फार आवड. बर्फ केबिनवाल्याला सांगितलं की लगेच मिळतो, तो रुमालात गुंडाळून.

रानफूल:
मुलांसाठी माझी पिशवी: तापाचं सिरप आणि त्याचं मापाचं झाकण किंवा सिरिंज (चमच्याने नाही), डिजिटल थर्मामीटर, ॲलर्जीसाठी सेटिरिझिनचं सिरप, ओआरएस, खाजेचं लोशन. सगळी सिरपं झिपच्या पिशवीत, एकदा फुटलं की मुंग्या आणि चिकटपणा. ॲस्पिरिन मुलांना नाहीच. स्विमिंग पूलमधे दिवसभर राहिली की कान दुखतात, म्हणून बाहेर आल्यावर मान तिरकी करून पाणी काढायचं आणि टॉवेलने बाहेरून कोरडं, आत काडी घालायची नाही. बँडेड मात्र भरपूर न्या, सात वर्षांच्या मुलाला न लागता पण ते लागतं.

आळशी_मांजर:
उन्हाचं पण लिहा. समुद्रावर वारा असतो त्यामुळे भाजतंय ते कळतच नाही, रात्री पाठ टेकवत नाही. सनस्क्रीन एसपीएफ ३० च्या वरचं, दर दोन तासांनी परत. काही ठिकाणी प्रवाळासाठी ठराविक सनस्क्रीनवर बंदी आहे, पलाऊमधे २०२० पासून, हवाईमधे २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्यांची विक्री बंद. झिंक ऑक्साइडवालं घेतलं की प्रश्न मिटतो.

गलबत:
आणि जेलीफिश चावली तर लघवी लावायची नाही. हे सांगावं लागतं, हसू नका. गोड्या पाण्याने पण धुवायचं नाही, समुद्राच्याच पाण्याने धुवायचं, चिकटलेले धागे चिमट्याने काढायचे, चोळायचं नाही. मग सोसेल इतक्या गरम पाण्यात, ४० ते ४५ अंशांच्या. व्हिनेगर काही जातींना चालतं काहींना नाही, तिथल्या लाइफगार्डला माहीत असतं. श्वास लागला किंवा चेहरा सुजला तर पुढचं काही न करता मदत मागायची.

कडुलिंब:
तो चिमटा आणि बोथट टोकाची छोटी कात्री मोठ्या बॅगेत. विमानात हँडबॅगेतली काढून घेऊ शकतात, आणि बऱ्याच क्रूझ कंपन्यांना चार इंचांपेक्षा लांब पातं चालत नाही. बाकी आयोडिनचं मलम, गॉझ, चिकटपट्टी, टाचेच्या फोडासाठी हायड्रोकोलॉइडच्या पट्ट्या. यापेक्षा मोठी जखम असेल तर ती तुमच्या पिशवीची नाहीच, स्वच्छ कपड्याने दाबून धरा आणि खाली जा.

कायद्याचं राहिलं. तुमची बोट कुठल्या देशांत लागणार ते बघा आणि प्रत्येकाच्या दूतावासाच्या साइटवर औषधांचे नियम वाचा. जपानमधे स्यूडोएफेड्रिनवर कडक बंधनं आहेत, म्हणजे आपली नाक मोकळं करायची साधी गोळी. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉल ही दुखण्यावरची गोळी, हे संयुक्त अरब अमिरातीत आधी परवानगी काढल्याशिवाय नाही. बंदरावर उतरताना लागणार नाही ते केबिनमधेच ठेवा, खिशात फक्त त्या दिवसाचं आणि प्रिस्क्रिप्शनची प्रत.

दीपस्तंभ:
धागा वाचतोय. मी रात्री सीपॅप लावतो, झोपेत श्वास अडकू नये म्हणून हवा देणारं मशीन. कोणाला अनुभव?

शेवंता:
माझ्या भावाकडे आहे. बुक करतानाच स्पेशल नीड्सच्या फॉर्मवर लिहायचं, डिस्टिल्ड वॉटर ते केबिनमधे ठेवतात. प्लग पलंगापासून लांब असतो म्हणून एक्स्टेन्शन वायर त्यांच्याकडूनच मागायची. स्वतःची नेली आणि तिच्यात सर्ज प्रोटेक्टर असला तर चढतानाच काढून घेतात, आगीच्या भीतीने. मशीन हँडबॅगेतच न्या.

ओवी:
शेवटचा प्रश्न. इन्शुरन्समधे बघायचं काय? आमच्या एजंटने एक पॉलिसी पाठवलीये, त्यात "प्रवासात वैद्यकीय खर्च" एवढंच आहे.

गलबत:
दोन गोष्टी विचारा. एक, जुने आजार धरलेत का. बीपी-शुगर लपवून पॉलिसी घेतली की क्लेमच्या वेळी तेच पहिलं काढतात. दुसरं, मेडिकल इव्हॅक्युएशन, म्हणजे पेशंटला हॉस्पिटलपर्यंत हलवायचा खर्च, आहे का आणि समुद्रातून आहे का. हेलिकॉप्टरची पल्ला गाठायची मर्यादा असते, खोल समुद्रात ते येऊच शकत नाही, मग कॅप्टन बोट वळवतो किंवा जवळच्या बंदराकडे वेग वाढवतो. आणि पेशंटला मधल्याच बंदरावर उतरवलं तर बोट थांबत नाही, पुढे जाते. तुम्ही कोणीतरी एक त्यांच्याबरोबर उतरायचं, पासपोर्ट आणि औषधांची पिशवी घेऊन. कोण उतरणार आणि मुलाबरोबर कोण राहणार हे नवराबायकोने घरीच बोलून घ्या. तिथलं हॉस्पिटल, हॉटेल, घरी परतायची तिकिटं, हे पॉलिसीत आहे का ते एजंटकडून लेखी घ्या, फोनवर "हो हो सगळं आहे मॅडम" म्हणतात.

ओवी:
फोनवर तेच म्हणाला तो, शब्दशः. ईमेल टाकलीये आत्ता. उत्तर आलं की इथे लिहिते.

पिंगळा:
ओवी, ते हायड्रोकोलॉइड का काय ते, टाचेचं, ते कुठल्या साइजचं घेताय? बायकोने धागा वाचला आमच्या.